चौथं नाव

"माझ्या एका दोस्ताच्या बाबतीत घडलंय हे," काका म्हणाले. जेवणं उरकून पुतणे-पुतण्या त्यांना खेटून बसले होते. "पेंटर होता तो. पटलं नाही तर खुशाल झोपायला जा."

पेंटर त्या मंगळवारी पाटी रंगवायला निघाला होता. गावाबाहेरच्या दोनशे वर्षांच्या बंगल्याचं हॉटेल होणार होतं. हॉलमध्ये आजवरच्या मालकांची नावं हवी होती. बांधणारा डॉक्टर, मग लाकडाचा व्यापारी, त्याचा जावई, मग एक मास्तरीणबाई, त्यानंतर आत्ताच्या मालकांचे वडील आणि शेवटी मालक स्वतः.

"चौथं गाळ," मालक म्हणाले. "पाटी आहे, हजेरीपट नाही."

कारण गावाला ठाऊक होतं. छपराच्या दुरुस्तीचा कागद म्हणून मालकांच्या वडिलांनी बाईंची सही घेतली आणि बंगलाच गिळला. बाई एका पेटीनिशी बाहेर पडल्या. वर्षभरात गेल्या.

पेंटरची आई बाईंकडे भांडी घासायची. पेंटरला पहिलं अक्षर बाईंनीच शिकवलं होतं. त्याच हॉलमध्ये, हात हातात धरून.

तरी तो म्हणाला, "बरं, साहेब." पुढचंही काम त्याला हवं होतं.

रात्री साडेअकराला पाचवं नाव संपलं. बंगल्यात तो एकटाच होता.

"सुरेख आलंय अक्षर," मागून कुणी म्हणालं.

आवाज ओळखीचा होता. तो वळला नाही.

"माझं कुठे लिहितोयस, बाळ?"

"बाई, मी... मालकांनी..."



त्याच्या हातावर एक गार हात आला. ब्रश उचलला गेला. हात पाटीकडे निघाला. हळू. लहानपणी निघायचा तसा...

त्याने हात नुसता सैल सोडायचा होता.

त्याने हिसडा दिला. पळत सुटला.

"मग सकाळी?" धाकट्या पुतणीने विचारलं.

"पाटीवर पाचच नावं. मालक खूश."

"नंतर तरी लिहिलं का त्याने?"



"खोल्यांचे नंबर लिहिले. सगळ्या खोल्यांचे."

"ह्या! भास झाला असेल त्याला," थोरला म्हणाला.

"असेल बाबा. पण त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर चार बोटांचे पांढरे वळ आहेत. वीस वर्षं झाली. उन्हात सगळा हात रापतो... तेवढे रापत नाहीत."