शिळी जखम

"कंपाउंडरसाहेब, पेटी घ्या अन् देवळात चला! विठोबाचा मुकुट गेला!"

हवालदार रामलालनं सायकल दवाखान्याच्या पायरीला टेकवली. "चोर सापडला, माल नाही सापडला. डोमाजीच्या हातावर विळा मारला लेकाच्यानं. पट्टी बांधा अन् जखमेचा कागद लिहून द्या, म्हणजे मी चोराले दारव्ह्याच्या ठाण्यात नेतो."

सदाशिवरावांच्या हातातली बाटली हातातच राहिली. एकसष्ट सालचा माघ. गावात सप्ताह चालू होता आणि उद्या बुधवारी काला. सदाशिवराव कीर्तनाचे वेडे. सहा दिवसांत एकही कीर्तन त्यांनी चुकवलं नव्हतं. वीतभर उंचीचा तो चांदीचा मुकुट वर्षातून एकदाच, काल्याला देवाच्या डोक्यावर चढायचा.

देवळासमोर गाव जमलं होतं. खांबाला दोरीनं बांधलेला लालसिंग खाली मान घालून उभा. तांड्यावरचा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याची आई भुरीबाई पायरीवर बसून होती. रडत नव्हती, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती.

"तांड्यावरचा हाय, आणखी काय पुरावा पाह्यजे?" गर्दीतून कोणी बोललं.

या लोकांवर एके काळी सरकारनंच चोरीचा शिक्का मारला होता. तो कागदावरून पुसून बरीच वर्षं झाली, पण लोकांच्या नजरेतून पुसला नव्हता. क्षणभर सदाशिवरावांच्याही मनात आलं, असेलही. आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

डोमाजी आत सतरंजीवर बसला होता. वीस वर्षांपासून देवळाचा पखवाजी. डाव्या हाताला फडकं, फडक्यावर हळद, हळदीवर ताजं रक्त. तो हात त्यानं अंगापासून जरा लांबच धरला होता, काखेत काही दुखावं तसा.

"पट्टी कायले सोडता? हळद लावली न मी!" डोमाजी मागे सरकला.

"सोडतो नंतर. आधी सांग, काय झालं?"

"काकडा झाला, लोकं घरी गेले. मी झाडू मारायले परत आलो. पाह्यतो तं हा मुकुटाच्या पेटीपाशी! धरला तं यानं कंबरेचा विळा काढला अन् मारला तळहातावर."

"किती वाजता?"

"सूर्य निघता निघता. तीन घंटे झाले असतील."

"याआधी या हाताला काही लागलं होतं?"

"छ्या! मी वाजवणारा मानूस. हाताले जिवापाड जपतो मी."

सदाशिवरावांनी मान हलवली आणि बाहेर येऊन लालसिंगला विचारलं, "तू सकाळी देवळात कशाला गेलास?"

"पखवाज पाहायले, भाऊ. शुक्रवारच्या कीर्तनात बुवा बोलले होते न सगळ्याईसमोर, काल्याले लालसिंग वाजवीन म्हणून. हात बसवून घ्यावा म्हटलं."

"आणि विळा?"

"गवत कापायले जाऊन राह्यलो होतो. यानं मले पाह्यलं अन् एकदम चोर चोर वरडला. मी त्याले हातही नाही लावला."

"विळ्यावर रक्त नाही," सदाशिवराव म्हणाले.

"धुतला असंन," रामलाल म्हणाला.

भुरीबाई उठली. "साहेब, माह्या पोरानं मुकुट घेतला असता तं मीच त्याले तुमच्या हाती देल्ला असता. याले ठाण्यात नेलं तं उद्या तांड्यातला एकही मानूस या देवळाची पायरी चढनार नाही. बुवानं पहिल्यांदा बोलावलं होतं हो आमाले."

कीर्तनकार गोविंदबुवा शेजारीच उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

सदाशिवराव पुन्हा आत गेले. मागोमाग बुवा आणि रामलाल. कोपऱ्यात पत्र्याची पेटी. एरवी ती सतरंज्यांच्या ढिगाखाली असायची. झाकण पिरगाळून वर केलेलं, पत्र्याची कड दातेरी झालेली. त्या कडेवर, आतल्या अंगाला, डाग होता. काळा, सुकलेला. त्यांनी नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला.

बाजूला पखवाज उभा होता. रविवारी डोमाजीनंच सांगितलं होतं, पखवाजाची पुडी उतरली, कातडं सैल पडलं, आवाज देत नाही. तेव्हापासून कीर्तन नुसत्या टाळांवर चाललं होतं. सदाशिवरावांना फार चुटपुट लागली होती. आता त्यांनी उजव्या पुडीवर थाप मारली. खणखणीत आवाज निघाला. डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापलेला असतो, तो वाजवताना रोज ताजा लावायचा. हा वाळून तडकला होता.

वर खुंटीला डोमाजीच्या गुरूचा जुना, एका बाजूनं फुटलेला पखवाज लटकत होता.

"आण हात," सदाशिवराव म्हणाले.

डोमाजीनं हात दिला. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. फडकं ओलं करून सोडलं तसा वास आला. हळद धुतली. जखम एकच होती, तळहातावर आडवी, फाटल्यासारख्या काठांची. तिची एक कड नुकतीच उकललेली, तिथून रक्त येत होतं. बाकी सगळ्या जखमेत दाट पिवळा पू.

सदाशिवरावांनी डाव्या काखेत बोट दाबलं. डोमाजी कळवळला. आत सुपारीएवढी गाठ.

त्यांनी जखम स्वच्छ केली, पट्टी बांधली, हात धुतले. मग म्हणाले, "हवालदार, लालसिंगला सोडा."

"काहून?"

"ही जखम आजची नाही."

सदाशिवराव खांबाला टेकून बसले, कीर्तनात बुवांच्या समोर बसत तसे.

"बुवा, तुम्ही देहाला पंढरी म्हणता. मी दवाखान्यात त्या पंढरीचे पहारेकरी पाहतो. कातडं म्हणजे वेस. डोळ्यातलं पाणी, तोंडातली लाळ, पोटातलं आंबट पाणी, हे दारावरचे राखणदार. कोण आला, कोणत्या नावाचा आला, विचारत नाहीत. परका जंतू दिसला की मारतात."

"अन् वेस फुटली तं?" रामलालनं विचारलं.

"तर आतून कुमक धावते. आधी रक्ताच्या वाटा रुंद होतात, म्हणून जागा लाल होते, गरम होते, सुजते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जमतात, जंतूंना गिळतात आणि गिळता गिळता मरतात. यवतमाळला डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पू दाखवला होता. आपण त्याला घाण म्हणतो. लढून पडलेल्या शिपायांचा ढीग असतो तो."

"मंग?"

"शिपाई धावत आले तरी इतका दाट पू साचायला दोन-तीन दिवस लागतात. काखेतली गाठ म्हणजे पुढची चौकी, तीही अशी तीन घंट्यांत फुगत नाही. ताप तसाच. सकाळी सूर्य उगवताना झालेली जखम आत्ता नुसती लाल असती. आणि डोमाजी म्हणतो, आधी हाताला काही लागलंच नव्हतं."

डोमाजीनं पट्टीचा हात पाठीमागे घेतला.

"विळ्याचा घाव सरळ जातो. हा पत्र्यानं फाटलाय. पेटीच्या कडेवरचं रक्त सुकून काळं पडलंय. म्हणजे पेटी आज नाही, शनिवारच्या सुमारास फुटली. सतरंज्यांखाली कोण पाहतो? रविवारी डोमाजीला वाजवता येईना, तर हात लपवून दोष पुडीवर घातला. पुडी तर चांगली बोलते, मी वाजवून पाहिली. कणीक मात्र शनिवारपासून वाळतेय. आज लालसिंग एकटा दिसला तशी यानं जखमेची कड उकलली, हळद फासली आणि ओरडला."

"काहून, डोमाजी?" बुवांनी हळूच विचारलं.

डोमाजीनं कोपऱ्यातल्या पखवाजाकडे पाहिलं.

"वीस वर्स," डोमाजी म्हणाला. "वीस वर्स काल्याले मी वाजवलं, बुवा. शुक्रवारी तुमी माह्याकडे पाह्यलंही नाही. पोराचं नाव घेतलं अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या. तांड्यातलं पोरगं माह्या जागेवर! मुकुट गेला तं लोकं आपोआपच याच्याकडे पाह्यतीन, हे मले ठाऊक होतं."

"मुकुट कोठी हाय?" रामलाल गरजला.

"देवाचं देवळाबाहेर न्यायची छाती नाही झाली." डोमाजीची नजर वर गेली.

सदाशिवरावांनी खुंटीवरचा फुटका पखवाज उतरवला. आतून चिंध्यांत गुंडाळलेला मुकुट निघाला.

बुवांनी बाहेर जाऊन स्वतः लालसिंगची दोरी सोडली, त्याला आणि भुरीबाईला आत आणलं. "सगळ्यांसमोर तुझा मान राखायचं मी विसरलो," ते डोमाजीला म्हणाले. "ती चूक माझी. बाकीची तुझी."

"उद्या काला होऊ द्या, हवालदारसाहेब," लालसिंग मनगट चोळत म्हणाला. "मंग न्या त्याले."

रामलालनं भुरीबाईकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मान डोलावली.

बुधवारी तांड्यातली पंचवीस-तीस माणसं पुढं बसली होती. लालसिंगनं पखवाज मांडीवर घेतला आणि थबकला. डाव्या पुडीवर वाळकी कणीक तशीच.

खांबाआडून डोमाजी आला. डावा हात गळ्यात अडकवलेला. उजव्या हातात ताज्या कणकेचा गोळा. त्यानं जुना पापुद्रा खरवडून काढला, नवी कणीक थापली, कडेनं बोट फिरवलं.

"वाजव," तो म्हणाला. "जरा जड लावली हाय. माघात अशीच लागते."

लालसिंगनं डावी थाप मारली. देऊळ घुमलं. सदाशिवरावांनी डोळे मिटले आणि टाळ उचलला.