आईच्या तांब्याचा आवाज

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर तिच्यात माझ्या वडिलांना आणलं नसतं.

गेल्या कार्तिकातली संध्याकाळ. गुहागरच्या अलीकडे, समुद्रावरचं एक नवं हॉटेल. नाव लिहीत नाही.

आम्ही उंब्रजचे. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन सहा महिने झाले होते. एक दिवस आबा म्हणाले, "पल्लवे, चल, समुद्र बघून येऊ. लय दिवस घरात कोंडलीयास."

मला बरं वाटलं. आई चार वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मीच केलं होतं. वाटलं, कुणाच्या तरी ध्यानात आलं.

कोयनानगर मागं पडलं. कुंभार्ली घाट उतरलो. आबांनी कुठेही रस्ता विचारला नाही.

खोली देखणी होती. समोरची अख्खी भिंत काचेची, पलीकडे समुद्र. पण न्हाणीघरही काचेचंच. दाराला कडी नाही, टॉवेल अडकवायला खुंटी नाही. आणि दिव्याचं बटण तर कुठेच दिसेना. आबा खाली गाडी लावत होते. शेवटी मॅनेजर बाईंनी येऊन दाखवलं. पलंगाच्या उशाशी लाकडी फळी होती, तिच्यामागं हात घालून चाचपडायचं.

"भिंतीवर बोर्ड नको ना दिसायला, मॅडम," त्या म्हणाल्या.

आबा वर आले, न्हाणीघरात डोकावले.

"एवढा थाट, आन् बादली न्हाई. तांब्या न्हाई. मी काय फवाऱ्याखाली नाचू?"

मी हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

दिवेलागण झाली. समुद्र काळा पडला. आबा त्यांच्या पलंगावर डोळे मिटून पडले होते.

आणि...

ठण्.

काचेपलीकडून. न्हाणीघरातून.

मी तो आवाज झोपेतही ओळखला असता. आईचा आवाज क्षीण झाला, तेव्हापासून ती उशाजवळचा स्टीलचा तांब्या लोखंडी खाटेवर आपटून मला बोलवायची. चार वर्षं मी त्या आवाजावर उठत होते.

ठण्... ठण्...

"आलो, आलो," आबा म्हणाले.

ते दचकले नव्हते. त्यांनी पडल्यापडल्या हात मागं टाकला, फळीमागं घातला... आणि दिवा लागला.

न चाचपडता.

न्हाणीघर रिकामं होतं. फरशी कोरडी. फक्त मधोमध एक ओलं वर्तुळ. तांब्याच्या बुडाएवढं.

पण मी तिकडे बघत नव्हते. मी आबांच्या हाताकडे बघत होते.

"आबा, बटण तिथं आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी हात फळीमागून काढून घेतला.

मला दोन वर्षांपूर्वीचा माघ आठवला. आबा पलटणीतल्या मित्रांना भेटायला बेळगावला गेले होते. आई सारखी तांब्या वाजवत होती. "आलं का गं ते?" ते आले, बॅग तिच्या खाटेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी मी झाडत होते. खालच्या केराकडे बघत तिनं विचारलं, "पल्लवे, बेळगावात वाळू असती का गं?"

मला वाटलं, तापात बोलतेय.

"तुम्ही इथं आला होता," मी म्हणाले. "कुणाबरोबर?"

"आता त्येचं काय?" ते खाली बघत म्हणाले. "एकटा नव्हतो. तुज्या आईला, विजूला कळलं हुतं. मरंस्तवर एका शबुदानं बोलली न्हाई."

मलाही तिनं सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी बॅग उघडली. आईचं हिरवं इरकली लुगडं काढलं, आपल्या पलंगावर, आपल्या शेजारी पसरलं.

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, ध्यानात हाय?"

होतं. नदीकाठी ऊन चढलं होतं. मी, आत्या, सगळ्यांनी कबूल करून झालं. मग आबांनी सगळ्यांना मागं सरकवलं आणि पिंडाजवळ वाकून काहीतरी पुटपुटले. लगेच कावळा शिवला. आत्या रडत म्हणाली, लेकीला सांभाळतो म्हणाला असेल.

"तिला हितं आणीन म्हणालो. ह्याच खोलीत."

"मग तुम्ही एकट्यानं यायचं. मला कशाला आणलंत?"

आबांनी लुगड्यावरची घडी सारखी केली.

"ती तुज्याबिगर कवा कुटं गेलीय?"

ठण्.

या वेळी आवाज त्यांच्या पलंगापाशी आला. अगदी जवळ.

"हाय गं हितंच," ते म्हणाले. माझ्याशी नाही.

मी बाहेर पडले आणि पुळणीवर बसून राहिले. सकाळी आम्ही घाट चढलो.

त्याला आता बरेच महिने झाले. आईचा तांब्या मी माझ्या कपाटात ठेवलाय. किल्ली माझ्या गळ्यात असते.

तरीही पलीकडच्या खोलीतून आबांचा आवाज येतो. "आलो, आलो..."

मी कान देऊन पडते. मला ठण् ऐकू येत नाही. त्या संध्याकाळनंतर एकदाही नाही.

सकाळी आबांच्या खाटेशेजारी फरशीवर तसंच ओलं वर्तुळ असतं. मी ते पुसते.

माझ्या खाटेखाली रोज वाकून बघते.

फरशी कोरडी असते.