छायेनं दिलेला होकार

मुलाखतीला आलेली परिचारिका सुनेत्रा कोळेकर खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोच भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या प्रश्नाचं उत्तर उमटलं.

"झालं की तुमचं संशोधन!" आरोग्य संशोधन पाठ्यवृत्ती समितीचे अध्यक्ष डॉ. गुळवणी हसले. "दोन वर्षं वाचली."

सुनेत्राचा प्रश्न साधा होता. अंगात रक्त नसलेल्या बाळंतिणी सांगूनही दवाखान्यात थांबत नाहीत, घरी पळतात, ते का? पाठ्यवृत्ती मिळाली, तर वॉर्डातून मोकळीक घेऊन ती त्यांच्या दारी जाणार होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या हातून निसटलेली एक बाई वाटेतच दगावली होती.

पण आता जिल्ह्यातल्या प्रत्येकाची 'छाया' होती. नाडी, झोप, रक्त, बोलणं, सगळं घालून संगणकात घडवलेली प्रतिकृती. औषध आधी छायेला देऊन पाहायचं, प्रश्नही तिलाच विचारायचे. बाळंतिणींच्या छायांनी एकमुखानं सांगितलं होतं: माहितीचा अभाव. उपाय: भित्तिपत्रकं.

"सर, छाया पळत नाही, बाई पळते," सुनेत्रा म्हणाली. "जे तिनं कधी तोंडातून काढलंच नाही, ते छायेला कुठून कळणार?"

समितीतल्या निवृत्त मेट्रन एस्तेर उमाप यांनी मान वर केली. त्यांच्या उमेदवारीच्या काळात थोरल्या सिस्टर नव्या मुलींना आधी नुसतं खाटेशेजारी बसवत. सुई नाही, थर्मामीटर नाही. बस आणि ऐक. जीव कंटाळून जायचा. पण दिवस कलला की बायका आपणहून बोलू लागायच्या.

"डॉक्टर, माझं मत या मुलीला," एस्तेरबाई म्हणाल्या.

गुळवणी चुळबुळले. "मतदान सकाळीच झालंय, मेट्रनबाई. आपल्या तिघांच्याही छायांना विचारलं. अर्ज एकमतानं नामंजूर."

"माझ्याही?"

"तुमची तर नामंजुरीला सगळ्यात आधी हो म्हणाली. फार समंजस आहे हो ती!"

"असणारच! जन्मभर डॉक्टरांपुढे 'येस सर' म्हणत आले, तेवढंच उचललंन् मेलीनं. मनातल्या शिव्या तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत." बाईंचा आवाज चढला. "मग आम्हाला कशाला बोलावलंत? चहाबिस्किटांना?"

"नियमाप्रमाणे दोन सह्या लागतात ना..."

"माझी मिळायची नाही. माझ्या नावानं मला न विचारता हो म्हणता, आणि त्या बायकांच्या नावानं भित्तिपत्रकं चिकटवता? लाज कशी वाटत नाही?"

गुळवणींनी नामंजुरीच्या कागदावर स्वतः सही ठोकली आणि तो तिसऱ्या सभासदापुढे सरकवला. डॉ. तडवी वयानं लहान. मघापासून कपातच बघत होते.

"तडवी, तुमच्या छायेला नाही, तुम्हाला विचारतेय," एस्तेरबाई म्हणाल्या.

तडवींनी पेन उघडलं. पुन्हा मिटलं.

"सिस्टर," ते सुनेत्राकडे वळले, "त्या बायकांना पहिला प्रश्न काय विचाराल?"