अर्ध्या दाराशी दिलेला शब्द

ही घटना खरी आहे. यातली प्रत्येक संख्या मी स्वतः मोजलेली आहे, आणि ती वही आजही माझ्याकडे आहे.

शनिवार, १२ जुलै २०२५. मेलबर्नच्या पश्चिमेला, आयरिश लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी वसवलेलं एक छोटं गाव.

घर एक. खोल्या दोन. चूल एक. खिडक्या तीन. बाहेर रस्त्यावर घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणी एक, बुटाचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी एक, रस्त्याच्या काठाचे काळे दगड सव्वीस.

माणसं दोन. मी आणि माझी भाची एमा.

जुन्या इमारतींची मोजणी करणं हे माझं काम. एमा एकोणीस वर्षांची, जन्म इथलाच. युनिव्हर्सिटीला सुट्टी होती म्हणून टेप धरायला आली होती.

त्या घराचं दार आडवं कापलेलं होतं. वरचा भाग उघडा ठेवायचा, खालचा बंद. कोंबड्या आत येत नाहीत, मुलं बाहेर जात नाहीत.

खालच्या भागाच्या वरच्या कडेला दोन खळगे होते. कोणीतरी वर्षानुवर्षं कोपरं टेकून उभं राहिल्यासारखे.

खळग्यांची खोली नऊ मिलिमीटर.

तीन वाजता काम संपलं. मी दाराला कडी लावली आणि सवयीने म्हणाले, "येते हं."

आपण वसईची माणसं. रिकाम्या घरालासुद्धा 'जाते' म्हणत नाही.

"कोणाशी बोलतेस, मावशी?" एमा हसली. "What does that even mean?"

"म्हणजे... I'm coming."

"So weird!" ती दारावर वाकली. दोन्ही कोपरं बरोबर त्या खळग्यांत. आणि आत ओरडली, "I'm coming too, mate!"

आत काहीतरी सरकलं.

लाकडी स्टूल दगडी जमिनीवर सरकावं तसं...

आत स्टूल नव्हतं. मी मोजलं होतं.

रविवारी संध्याकाळी, मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात, माझ्या बहिणीच्या, लीनाच्या घरी. मी तिथंच राहते. लीनाने जिन्याखालून हाक मारली, "एमा, ये गं बाय, जेवायला!"

एमा आली. बसली. आम्ही जेवायला लागलो.

आणि वरच्या रिकाम्या मजल्यावरून उत्तर आलं...

"Coming."

फार क्षीण. म्हाताऱ्या बाईचा आवाज.

एमाचा चमचा हातातच राहिला. "Mum, not funny."

"मी कुठं काय बोलले?" लीना म्हणाली.

माझा फोन टेबलावर होता. ऑफिससाठी टिपणं बोलून रेकॉर्ड करत होते, ते बंद करायचं राहिलं होतं. हाक आणि उत्तर, दोन्ही त्यात सापडलं.

मधलं अंतर: १० मिनिटं ४७ सेकंद.

सोमवारी मी मुद्दाम रेकॉर्डिंग लावलं. जेवणाची तीच हाक, वरून तेच उत्तर. ८ मिनिटं २० सेकंद.

मंगळवारी ४ मिनिटं ५४ सेकंद.

रात्री मी गणित मांडलं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. रविवारच्या वेळेचं अंतर निघालं दोनशे वीस किलोमीटर.

नकाशावर ते घर सरळ रेषेत तितकंच दूर आहे.

मंगळवारचं निघालं शंभर.

"लीना, एमाला 'ये' म्हणून हाक मारू नकोस."

"वेडी झालीस काय? पोटच्या पोरीला बोलवू नको?"

"कुणीतरी ते ऐकतंय. आणि निघालंय."

एमा त्या रात्री आईच्या खोलीत झोपली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

बुधवारी मी एकटी त्या गावी गेले. भर दुपारी. जे कधी म्हणत नाही ते म्हणायला. दारासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आम्ही जातो. येणार नाही. We are not coming."

आत काहीच हललं नाही...

दाराचा खालचा भाग सताड उघडा होता. मी लावलेली कडी शाबूत, बंद स्थितीत.

समोरच्या घरातले म्हातारे मिस्टर कीओ काठी टेकत रस्ता ओलांडून आले. मी सगळं सांगितलं.

"या घरातल्या म्हातारीची सात मुलं घर सोडून गेली," ते म्हणाले. "कोणी शहरात, कोणी सोन्याच्या खाणीवर. प्रत्येकजण येतो म्हणून गेला. ती दाराशी उभी राहायची. म्हणून इथून निघताना आम्ही काही बोलत नाही, पोरी. हात हलवतो, बस."

"मग आता तिला सांगा ना, कोणी येणार नाही म्हणून!"

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मग मेलबर्नकडे जाणाऱ्या रस्त्याकडे.

"कोणाला सांगू? आत कोणी नाही. माझ्या आजोबांच्या काळापासून पहिल्यांदा."

गुरुवारी घरात कोणी कोणाला हाक मारली नाही. जेवायच्या वेळी लीनाने जिना चढून एमाला हाताला धरून खाली आणलं. एरवी फोनवर मेसेज पाठवायचा, असं ठरलं होतं. रेकॉर्डिंग मात्र मी चालू ठेवलं.

शुक्रवारी सकाळी एमा आंघोळ करत होती. लीना पोळ्या लाटत होती. तवा तापला, हात पिठात, आणि एकोणीस वर्षांची सवय...

"एमा, ये गं बाय!"

लीनाने पिठाचा हात तोंडावर दाबला.

"Coming." हाकेला चिकटूनच. बाथरूममध्ये पाणी चालूच होतं.

मी रेकॉर्डिंग संगणकावर घेऊन मोजलं. हाक संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत: ०.००६ सेकंद.

अंतर: दोन मीटर.