परकी भूक

गल्लीतल्या शिवणकामाच्या दुकानात बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. गिऱ्हाइकांची मापं त्या हसतखेळत घ्यायच्या. स्वतःचे कपडे मात्र शटर ओढून घेतल्यावरच बेतायच्या. चारचौघांत घास चिमणीएवढा. खरं खाणं व्हायचं ते कापडाच्या ठाणांआड, चोरासारखं.

वजन उतरवायचे सगळे उपाय थकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवा मार्ग सांगितला. सडपातळ, निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू गाळून घ्यायचे आणि नळीवाटे वहिनींच्या आतड्यात सोडायचे.

"प्रयोग आहे हा. वजन उतरेलच असं वचन देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण... कुणाचे?"

"ते आम्ही सांगत नाही. मुलगी तरुण आहे, ठणठणीत आहे, एवढं पुरे."

घरी नवऱ्याने ऐकलं आणि हसू दाबलं. "लोकांना काय सांगायचं मग?"

"मुतखडा झालाय म्हणून."

नणंद समाचाराला आली, तेव्हा वहिनींनी मुतखड्याच्या कळांचं असं काही वर्णन केलं, की त्या बिचारीचेच डोळे भरून आले. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपचारानंतर वजन उतरू लागलं. गोडावरची वासना उडाली. उकडलेला बटाटा त्या जन्मभर सालासकट खात आल्या होत्या. आता बोटं आपणहून साल काढायची आणि त्याच्या पट्ट्या ताटाच्या कडेला ओळीने लावायची.

"ही कुठली नवी तऱ्हा?" नवऱ्याने विचारलं.

वहिनींना तरी कुठे ठाऊक होतं!

एका दुपारी त्या बटणं आणायला निघाल्या आणि भलत्याच थांब्यावर उतरल्या. त्या भागात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पोटात एक ओढ होती; पाय तिच्या मागून चालले होते. लाँड्रीशेजारचा अंधारा जिना. वर निळा दरवाजा. कडी बाहेरून दिसत नव्हती. हात फटीतून आत गेला आणि त्याने ती अलगद काढली.

आत बटाटे उकडल्याचा वास भरला होता. ओट्यापाशी एक म्हातारी पाठमोरी उभी होती.

"आलीस? हात धू."

घर चुकलं, असं म्हणायला हवं होतं. वहिनींनी हात धुतले. टॉवेल कुठे असतो, हे विचारावं लागलं नाही.

त्या जेवायला बसल्या. परक्याच्या घरात, दिवसाढवळ्या, बकाबका.

पुन्हा कडी निघाली. एक टपालवाला आत आला. गणवेश अंगावर लोंबत होता, बाजूच्या शिवणी नुकत्याच आत घेतलेल्या असूनही. वहिनींच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने मान खाली घालून हात धुतले आणि तो समोर बसला. बटाटा सोलला. सालं ताटाच्या कडेला ओळीने लावली.

नजरानजर झाली. शरमेने दोघांनीही डोळे ताटात घातले.

"सावकाश जेवा," म्हातारी म्हणाली.

आतल्या खोलीतून एका मुलीचा आवाज आला. तरुण, पण वाळून गेलेला.

"आई, मला उरेल का गं थोडं?"

"थांब जरा. आधी यांचं होऊ दे."

वहिनींचे कान तापले. ताट सरकवावं, उठावं, आत जावं.

टपालवाल्याने पातेलं स्वतःकडे ओढलं.

वहिनींनी दुसरी कड घट्ट धरली.