सहाशे व्हॉल्व्ह

मालकांनी चहाचा कप तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. हे तिसऱ्यांदा झालं, तेव्हा मास्तरांना त्या चहाचीच दया आली.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. थोरल्या बहिणीने खाजगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हा घरी बसून माश्या मारण्यापेक्षा बरं म्हणून ते वही घेऊन तिच्यामागे हिंडू लागले. वही मास्तरांची, डोकं ताईंचं, ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

मालकांचा कारखाना घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनवायचा. प्रत्येक मशीनला एक रबरी व्हॉल्व्ह लागतो. तो बनवणारा एकच, आणि त्याला पाच वर्षांची मागणी एकदम कळवावी लागते, कारण तो तेवढ्या काळासाठी आपले साचे राखून ठेवतो. पुढच्या पाच वर्षांच्या नव्या योजनेत दरमहा बाराशे लिहिले होते. पहिल्या महिन्यात सहाशे आले, दुसऱ्या महिन्यातही सहाशेच.

"त्याला फोन केला," मालक म्हणाले. "तर व्हॉल्व्हवाल्याचा पोरगा म्हणतो, तुमच्या घरून माझ्या वडिलांना जे सांगितलंय, तेवढंच पाठवतोय. उरलेले साचे त्याने पाच वर्षांसाठी दुसऱ्यांना देऊन टाकलेत. आता बोला. घरून कोण सांगणार? नवी योजना सूनबाईने केलीय."

पंचवीस वर्षं ही योजना मालकांचे थोरले भाऊ, दादा, करत होते. गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि काम सुनेकडे आलं. तिला कुणीतरी फोडलं, याबद्दल मालकांच्या मनात शंका नव्हती. मुलानेही बायकोशी बोलणं टाकलं होतं. उद्या सकाळी ते पोलिसांत जाणार होते.

"दादांना विचारलंत?" ताईंनी विचारलं.

"त्यांच्यापुढे आजवर मी वर तोंड करून बोललेलो नाही. त्यांना काय विचारणार?"

सूनबाई आपल्या टेबलाशी बसली होती. कॉम्प्युटर काढून नेल्यामुळे टेबलावर नुसत्या वायरी उरल्या होत्या. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि या खोलीतच तिला जरा आपलं असं वाटायचं, असं ती म्हणाली. मशीनं किती खपणार हे तिने तीन महिने खपून काढलं आणि जितकं लागणार तितकंच लिहिलं. दादांच्या जुन्या योजनेत दरमहा दोन हजार व्हॉल्व्ह होते, मशीनं मात्र हजारच बनत. त्यांना कारण विचारलं, तर माणसाने जपून असावं म्हणत ते हसले होते.

ती इतकं शांतपणे बोलत होती की मास्तरांना ती खोटारडी वाटली. तसं त्यांनी वहीत लिहिलंही.

पर्चेसवाले आधीच नाक फुगवून बसले होते. योजनेतला आकडा आपण टिंबसुद्धा न बदलता कळवतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. पैसे स्टोअरच्या पावतीप्रमाणे जातात, योजना पुन्हा कोण उघडतो? जुना व्हॉल्व्हवाला लाख माणूस होता, तीन वर्षांपूर्वी गेला. पोरगा आपला कामापुरतं बोलतो.

स्टोअरवाल्याने योजना कधी पाहिलीच नव्हती. दहा वर्षं दरमहा हजार व्हॉल्व्ह आले, ना कमी ना जास्त, हे मात्र त्याने छाती फुगवून सांगितलं. मागच्या पत्र्याखाली जुन्या व्हॉल्व्हांचा ढीग पडला होता. तो आपल्या आधीचा, असं तो म्हणाला. मास्तरांनी एक उचलला, तर हातात त्याचा भुगा झाला.

"ताई, चोर हाच," बाहेर येताच मास्तर कुजबुजले.

"न आलेला माल चोरायला फार हुशारी लागते, मास्तर."

संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना मालकांच्या खोलीत बसवलं. सूनबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली. तिचा नवरा तिच्यापासून लांब उभा राहिला.

"दादा दोन हजार लिहायचे," ताई म्हणाल्या. "पर्चेसवाले दोन हजारच कळवायचे. स्टोअरमध्ये हजार यायचे. तिघंही खरं बोलतायत. मग निम्मे जायचे कुठे? कुठेच नाही. ते बनतच नव्हते."

पर्चेसवाले स्टोअरवाल्याकडे बघू लागले.

"दहा वर्षांपूर्वीपर्यंत ते बनत होते," ताई पुढे म्हणाल्या. " जास्तीचा माल पत्र्याखाली सडलाय. त्यानंतर कुणीतरी व्हॉल्व्हवाल्याला सांगून ठेवलं की आम्ही काहीही लिहू, तू निम्मेच कर. यंदा योजनेत खरा आकडा गेला आणि त्याच्या पोरानेही सवयीने निम्मे केले."

"पण सांगितलं कोणी?" पर्चेसवाल्यांनी विचारलं.

"पोरगा म्हणाला, वडिलांना सांगितलंय. ते वडील तीन वर्षांपूर्वी गेले. सूनबाई या घरात येऊन दीड वर्ष झालं. निरोप घरचा होता आणि मुलगा तेव्हा शाळेत होता, म्हणजे दोघंच उरतात. दादांना कमी हवे असते, तर त्यांनी कमी लिहिले असते. दादा दुप्पट लिहितात हे कळूनही त्यांना तोंडावर सांगायची ज्याची हिंमत नव्हती, त्याने तो निरोप दिला."

मालकांचा चेहरा उतरला. कधीतरी व्हॉल्व्हवाल्याकडे चहा पिताना आपण हे बोललो होतो, असं ते म्हणाले. दादांचं मन दुखवायचं नव्हतं. पुढे सगळं सुरळीत चाललं आणि ते विसरून गेले.

"आता यावर उपाय?"

"माझ्याकडे नाही," ताई म्हणाल्या. "साचे गेलेत."

मास्तरांनी वहीतली ती ओळ खोडली. त्यांना स्वतःची लाज वाटली. मुलगा बायकोकडे दोन पावलं गेला आणि तिथेच थांबला.

मालक उठून सुनेसमोर उभे राहिले. माझं चुकलं, एवढंच त्यांना म्हणता आलं.

तिने मान हलवली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. योजनेतला पहिला माल व्हॉल्व्हचा होता. बाकीच्या भागांच्या ऑर्डरीही तिच्याच आकड्यांनी गेल्या होत्या, पण तो माल पुढच्या महिन्यापासून यायचा होता.

"बाबा," तिने विचारलं, "निम्मेच करा, हे तुम्ही फक्त व्हॉल्व्हवाल्यालाच सांगितलं होतं ना?"

मालकांनी हात वर केला आणि एकेक बोट दुमडत मोजायला सुरुवात केली. मोटरवाला. फिल्टरवाला. नळीवाला. एक हात संपला, तसा त्यांनी दुसरा पुढे घेतला.