एकदा तरी बिघडायला हवं होतं

"कोण्या येड्यानं बनवलं हे?" ओमेश्वरी वैतागून ओरडली, आणि दारातून उत्तर आलं...

"मीच तो येडा, मॅडम."

दारात तिलक उभा होता, पावसानं निथळत. क्लासला येणाऱ्या बहिणीला, नीतूला, घरी कामठ्याला न्यायला आलेला. मराठी टायपिंगचा खेळ त्यानंच बनवला होता. नीतूनं मोठ्या कौतुकानं त्याची सीडी फुलचूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आणली, तर पडद्यावर एकच ओळ – लायब्ररी सापडली नाही. क्लास ओमेश्वरीचा. तिची जीभ तिखट, डोळे त्याहून.

"माह्या घरी तं चालते," तो कान खाजवत म्हणाला.

"मंग घरीच ठेवा नं!"

तो हसून शेजारच्या खुर्चीवर बसला. प्रोग्राम एकटा चालत नाही, त्याला काही सामायिक फाइली लागतात. त्यांनाच लायब्ररी म्हणतात. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्याही तऱ्हा अनेक; त्याच्या लिनक्समध्ये त्या फाइली एका फोल्डरात, हिच्या लिनक्समध्ये दुसऱ्याच.

"आहे जी इथंच. खेळ भलतीकडंच पाहून राहिला."

"काही लोकाइचं असंच असते," ती म्हणाली, आणि उगाच लाजली.

क्लासात चार कॉम्प्युटर, चारहींवर चार तऱ्हेचं लिनक्स. एकावर लायब्ररी जुनी, म्हणून नवी टाकावी, तर दुसराच प्रोग्राम रुसून बसे. तिलक पावसाळाभर येत राहिला. तिच्या चहात आलं वाढलं. त्याची खुर्ची ती कुणाला हलवू देईना. प्रेमच होतं ते, दुसरं काय!

एकदा कप पुढे करत ती लाडात म्हणाली, "काऊन जी, रोज रोज येऊन राहिले? एकदाच असं करून द्या नं, का तुमाले बोलवाच नाही लागन."

पोरगी असं कधी म्हणते, हे कळायला हुशारी लागत नाही. पण तिलक फारच हुशार होता. बरेच दिवस तो फिरकलाच नाही. आला तो नवी सीडी घेऊन. लागणारी प्रत्येक लायब्ररी त्यानं खेळाच्याच फोल्डरात भरली होती, खेळानं बाहेर कुठं पाहायलाच नको. चारही कॉम्प्युटरांवर खेळ झटक्यात सुरू झाला.

"आता याले कोणाचीच गरज नाही." त्यानं कान खाजवला. "पुण्याले नोकरी लागली. चाललो सोमवारी. काही... काही काम राहिलं काय?"

राहिलं होतं. अगदी ओठांवर होतं. पण पोरगी मानी.

"नाही जी. सारं चालून राहिलं."

अर्धा चहा तसाच ठेवून तो गेला.

खेळ बिघडला की फोन करायचा, असं तिनं ठरवलं. खेळ बिघडेना. कारणाशिवायही फोन करता येतो, हे तिला कोण सांगणार?

दिवाळीनंतर नीतू आनंदानं म्हणाली, "मॅडम, दादासाठी पोरगी पाहून राहिले घरचे."

त्या दिवशी पोरं गेल्यावर ओमेश्वरीनं दार लोटलं. कॉम्प्युटरमधली, पहिल्या दिवशी खेळाला न सापडलेली ती लायब्ररी शोधली, आणि सरळ उडवून टाकली. एका हातात फोन घेतला, तिलकचा नंबर काढून ठेवला. काय बोलायचं तेही ठरलं होतं – या नं जी, बिघडलं. दुसऱ्या हातानं तिनं खेळ सुरू केला.

खेळानं बाहेर पाहिलंच नाही. पडद्यावर तिलकनं लिहिलेलं नेहमीचं वाक्य उमटलं : सारं ठीक आहे. सुरू करा.

फोन तसाच हातात धरून ती त्याच्या खुर्चीवर बसली आणि खूप रडली.